कुंपण कुठे घालायचे?



सागरेश्वरची आपली सहल आठवते? तो बोडका डोंगर धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून हिरवा झाला. झाडे लावली, कुंपण घातले, हरणे सोडली.

२०१२ साली पश्चिम घाट जागतिक वारसा ठरला. त्यात आपल्याकडचे कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी आले. कासलाही फुले जपायला कुंपण घातले. पण गुरांची चराई थांबली, गवत माजले. फुले घटल्याचे गावकरी नि जाणकार सांगू लागले. शेवटी कुंपण काढावे लागले.

देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतील युनेस्को केंद्रात आशिया-पॅसिफिकमधल्या नैसर्गिक वारसास्थळांच्या व्यवस्थापकांना प्रशिक्षण मिळते. मला वाटते, त्यातला एक तास कासच्या गुराख्याने घ्यावा.

हे मी ठेच लागल्यावर बोलतेय. एका कार्यालयात छान चाललेला प्रोग्रॅम मी दुसरीकडे जसाच्या तसा बसवला आणि तोंडघशी पडले. तिथल्या कारकुनाला काही विचारलेच नव्हते.

सर, तुम्ही सांगायचात, "उत्तर लिहिण्याआधी प्रश्न दोनदा वाचा." तो धडा आत्ता कुठे पाठ होतोय.