दुर्बिणीनें जठराची पाहणी



आमच्या भूमचा खवा प्रसिद्ध आहे. आणि खव्याच्या गांवीं पोटाच्या तक्रारींनाहि तोटा नाहीं. छातींत जळजळलें कीं चिमूटभर सोडा, करपट ढेंकर आले कीं चूर्ण, ही आमची पिढीजात चिकित्सा. मींहि ती वीस वर्षें केली. शेवटीं एके ठिकाणीं दुर्बीण घालून घेतली. ती दोन-तीन मिनिटांतच बाहेर आली आणि ‘सर्व ठीक’ असा कागद हातीं पडला. पुढें वर्षभरानें दुसऱ्या शहरीं पुन्हा तपासणी झाली, तेव्हां कागदावर ‘इंटेस्टिनल मेटाप्लेझिया’ हे शब्द आले. घरांत रडारड झाली. कर्करोग झाला असेंच सर्वांनीं धरलें.

तो कर्करोग नव्हे. जठराचें अस्तर दीर्घकाळ दाहानें झिजतें, विरळ होतें, आणि कांहीं जागीं त्याचें रूप आंतड्याच्या अस्तरासारखें बनतें. त्या बदलाचें हें नांव. त्यापुढील पायरीवर पेशींची ठेवण बिघडते आणि त्यानंतर कर्करोग. ही पायऱ्यांची उपपत्ति पेलायो कोरिया या विकृतिशास्त्रज्ञानें १९७५ सालीं मांडली. दाहाचें मुख्य कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी नांवाचा जंतु. तो बॅरी मार्शल या डॉक्टरानें १९८४ मध्यें स्वतः पिऊन पाहिला व दाह ओढवून घेतला! २००५ सालीं त्याला व रॉबिन वॉरेनला नोबेल पारितोषिक मिळालें. आपल्याकडे हा जंतु घरोघर आहे. तरी जपानच्या मानानें जठराचा कर्करोग आपल्याकडे पुष्कळ कमी. बहुतेक माणसें मधल्या एखाद्या पायरीवरच जन्मभर थांबतात. मात्र हे बदल दुखत नाहींत, ही खरी अडचण आहे. ते पाहावेच लागतात.

आतां पाहावयाचे कसे? दुकानांतल्या दिव्याखालीं साडीचा रंग कळत नाहीं, म्हणून आपल्या गृहिणी ती ओट्यावर उन्हांत नेऊन पाहतात. जठरांत उलटा प्रकार आहे. पांढऱ्या प्रकाशांत सारें गुलाबी दिसतें आणि सूक्ष्म फरक त्यांत बुडून जातो. म्हणून जपानी संशोधकांनीं प्रकाशांतून दोनच अरुंद पट्टे निवडले, सुमारें ४१५ नॅनोमीटरचा निळा व ५४० चा हिरवा. रक्तांतील लाल द्रव्य नेमके हेच शोषून घेतें. त्यामुळें वरच्या थरांतील केशवाहिन्या तपकिरी, ठसठशीत उमटतात आणि अस्तराची नक्षी उघड होते. आंतड्यासारख्या झालेल्या जागीं त्या नक्षीच्या कडांवर फिकट निळी रेघ दिसते. गेल्या वीस वर्षांत ही सोय दुर्बिणींत आली आहे. डॉक्टर एक कळ दाबतो आणि प्रकाश बदलतो.

पण केवळ कळ दाबून भागत नाहीं. जठरांतील फेंस व बुळबुळीत थर धुवावा लागतो, हवेनें घड्या उलगडाव्या लागतात, आणि डोळ्यांना वेळ द्यावा लागतो. पहिल्या तपासणीस निदान सात मिनिटें द्यावीं, असें युरोपांतील तज्ज्ञांचें सांगणें आहे. संशयित जागेचा तुकडा घ्यावाच लागतो; जठराच्या खालच्या व वरच्या भागांचे तुकडे निरनिराळ्या बाटल्यांत जावे लागतात, म्हणजे बदल कोठवर पसरला तें कळतें.

दुखण्यापूर्वीं शोधण्याची ही रीत आमच्या मुलखाला अगदींच नवी नाहीं. शेजारच्या बार्शीला १९८७ मध्यें कर्करोगाची नोंदवही सुरू झाली, ती खेड्यांसाठीं देशांतली पहिली. तींत बार्शी व परंड्याबरोबर आमचा भूम तालुकाहि आहे. १९९९ पासून याच जिल्ह्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठीं १,३१,७४६ निरोगी स्त्रियांना पाहणींत घेतलें. ज्या गटाची विषाणुचाचणी झाली, त्यांत त्या रोगाचे मृत्यु सुमारें निम्म्यावर आले, असें २००९ मध्यें प्रसिद्ध झालें.

जठराची अशी सरसकट पाहणी आपल्याकडे करावी, असें मी म्हणत नाहीं. रोग विरळ, दुर्बिणी थोड्या. परंतु ज्याच्या आईबापांना वा भावंडांना हा रोग झाला आहे, त्यानें डॉक्टरांस विचारावें. वजन घटणें, काळी शौच, घास अडकणें, अकारण पंडुरोग, यांपैकीं कांहीं असेल तर सोड्याच्या पुडीवर एक दिवसहि काढूं नये.

माझा जंतु औषधानें गेला. बदल दोन्ही भागांत पसरलेला आहे, म्हणून तीन वर्षांनीं पुन्हा दुर्बीण. त्या दिवशीं डॉक्टरांना प्रथम निळ्या प्रकाशाबद्दल विचारणार आहें.