काठीचा ऐब

कवी म्हणून मला बोलावलं आहे, तेव्हा कवितेवर बोलावं अशी अपेक्षा असणार. पण अलीकडे माझ्या घरात कवितांपेक्षा जास्त जागा काठ्यांनी अडवली आहे, म्हणून काठ्यांवरच बोलतो. काठ्या म्हणजे पूल आणि स्नूकर खेळायचे क्यू, जुने, वापरलेले. माझा भाचा ते विकत घेतो, दुरुस्त करतो आणि कुरिअरने गावोगाव पाठवतो.

सुरुवात 2020 च्या टाळेबंदीत झाली. चिंचवड, निगडी भागात पूल पार्लर होती. कंपनीची पाळी सुटली की पोरं तिथे तासाच्या हिशेबानं खेळायची. त्यातली काही तेव्हा कायमची बंद पडली. टेबलांना गिऱ्हाईक मिळालं, क्यू मात्र भंगारात गेले. भाच्याचं चिखलीच्या कुदळवाडीत भंगाराचं लहानसं शेड होतं. जळाऊ लाकडाच्या भावानं आलेल्या एका जुडीत त्याला पितळी सांध्याचा क्यू दिसला. तो घेऊन माझ्याकडे आला. "मामू, ही काठी विकायची नाही, असं वाटतंय. बघा तरी."

मला खेळातलं काही कळत नव्हतं, पण लाकडातलं थोडं कळतं. आमचे अब्बा भोसरीच्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. लोखंडाचा भाग ओतायचा तर आधी त्याचा लाकडी नमुना करावा लागतो, आणि धातू थंड होताना आकसतो म्हणून तो नमुना किंचित मोठा ठेवावा लागतो. एक डोळा मिटून, लाकूड बंदुकीसारखं डोळ्याशी धरून ते बाक शोधत. क्यूची परीक्षाही तशीच करायची. लोक टेबलावर गडगडवून बघतात, पण ती परीक्षा फसवी. दोन तुकड्यांचा क्यू असेल तर सांध्याशी नीट न बसल्यामुळेही तो डोलतो. तुकडे सुटे करून एकेक बघावा. बाक बहुतेक वेळा एकाच सवयीनं येतो. खेळ झाला की क्यू भिंतीला तिरका टेकवून निघून जायचं. वर आपला पावसाळा.

स्नूकरचा क्यू बहुधा ॲशच्या लाकडाचा, त्यावर बाणाच्या टोकासारख्या रेषा दिसतात. पूलचा मेपलचा, गुळगुळीत आणि टोकाला जरा जाड. मुठीकडचा भाग म्हणजे बट. तो आबनुसाचा की नुसता काळा रंग दिलेला, हे बुडाशी घासलेल्या जागी कळतं. टोकाची चामड्याची टिप झिजली असली तर घाबरू नये, ती बदलता येते. शाफ्ट पिळला असेल तर मात्र हात जोडावेत.

आणखी एक. आपल्या पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी 1958 मध्ये कोलकात्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा जिंकली, 1964 मध्ये पुन्हा जिंकली. भारताचा खेळातला पहिला वैयक्तिक जगज्जेता तो हा माणूस. त्यामुळे जुना क्यू विकणारा दर चौथा माणूस म्हणतो, याला जोन्ससाहेबांचा हात लागलाय. आम्ही नम्रपणे कागद मागतो, आणि कागद नसेल तर लाकडाची किंमत देतो.

फेब्रुवारी 2025 मध्ये कुदळवाडीतली शेडं पाडली गेली, त्यात भाच्याचंही गेलं. क्यू माझ्या फ्लॅटमध्ये आले, पुस्तकांच्या कपाटामागे. भाचा कर्जात होता. त्याच सुमारास काळेवाडीतून एका म्हाताऱ्या काकांचा फोन आला. ते पूर्वी एका क्लबात मार्कर होते, म्हणजे टेबलाशी उभं राहून गुण मोजणारे. त्यांच्याकडे एकसंध ॲशचा, आबनुसाच्या बटाचा क्यू होता. पाचशे मागितले. भाच्यानं तिथल्या तिथे दिले आणि उड्या मारत घरी आला. "मामू, पंधरा हजारांना कुठे गेला नाही!"

मी विचारलं, "हे त्यांना सांगितलंस?"

"त्यांनी मागितले तेवढे दिले की."

अब्बांचा एक नियम होता, विकताना मालाचा ऐब आधी सांगायचा, मग भाव. पण घेणाऱ्याला गुण दिसला आणि विकणाऱ्याला दिसला नाही तर काय करायचं, हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. दोन दिवस आमची धुसफूस चालली. भाच्याला हप्ता भरायचा होता आणि मला झोप येत नव्हती. शेवटी स्कूटरवर बसून दोघं काळेवाडीला गेलो.

काका हसायलाच लागले. "साहेब, पाचशे बरोबर मागितले. बट आतून सुटलाय. तुमच्या पोराला तेच सांगत होतो, हा फोटो काढत बसला." त्यांनी क्यू उभा धरला आणि बूड फरशीवर हलकेच टेकवलं. आवाज फुटका आला. मी भाच्याला बघायला शिकवलं होतं, ऐकायला शिकवलंच नव्हतं. कवी म्हणवणाऱ्या माणसानं हे कबूल करावं लागतंय.

भोसरीतल्या एका सुतारानं फटीत पातळ इपॉक्सी भरून तो बट आठवडाभर आवळून ठेवला. जाहिरातीत पहिल्याच ओळीत लिहिलं, बट जोडलेला आहे. तरी इंदूरच्या एकानं सहा हजारांना घेतला.

आता पाठवणी. इथे माझी नोकरी कामी आली, कारण चाकणच्या एका कारखान्यात मी डिस्पॅचला आहे. कुरिअरवाले वजनाबरोबर आकारमानही मोजतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा 5000 नं भागतात, आणि जे जास्त भरेल त्याचे पैसे घेतात. क्यू जेमतेम अर्धा किलोचा, पण दीड मीटरच्या 12 सेंमी चौरस खोक्यात घातला तर तो चार किलोंच्या वर जातो. म्हणून 63 मिमीचा पीव्हीसी पाइप घ्यायचा. क्यूला आधी प्लॅस्टिक, मग फोम गुंडाळायचा, आत सिलिकाची पुडी टाकायची, दोन्ही टोकांना टोपणं बसवायची. टिपेच्या टोकाशी फोम दुप्पट भरायचा, कारण पार्सल आपटतं ते उभंच. असं केलं की दीड किलोत काम भागतं, आणि पाइपावर कुणी बसलं तरी बिघडत नाही.

दुरुस्ती आणि पाठवणी वजा जाता जे उरलं, त्यातून हजार रुपये घेऊन आम्ही पुन्हा काळेवाडीला गेलो. काकांनी आढेवेढे घेतले नाहीत. नोटा मोजल्या, खिशात ठेवल्या.

"कुणी घेतला?"

"इंदूरच्या एकानं," भाचा म्हणाला.

"खेळतो की भिंतीवर लावतो?"

हे आम्ही विचारलंच नव्हतं. भाच्यानं तिथेच बसून इंदूरला फोन लावला.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)