विमान उडण्याआधी जमिनीवर



आपल्या पोफळीला मोठ्या यंत्रांचं नवल नाही. डोंगराच्या पोटातलं कोयनेचं वीजघर १९६२ पासून वीज देतंय. नवं यंत्र चालू करताना माणसं किती जपून असतात, हे तुमच्यापैकी अनेकींनी घरात ऐकलं असेल. आज बोलायचंय ते घराच्या गच्चीवर बांधलेल्या विमानाबद्दल.

कॅप्टन अमोल यादव मूळचे सातारा जिल्ह्यातले, म्हणजे आपला कुंभार्ली घाट चढून पलीकडचे. पेशाने वैमानिक. मुंबईत कांदिवलीला, चारकोपच्या घराच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनांचं विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईतल्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी ते पाहिलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची नोंदणी झाली, ऑक्टोबर २०१९ मध्ये उड्डाण-चाचणीची परवानगी मिळाली आणि ऑगस्ट २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर चाचणी झाली. लोकांना तयार दिसणारं विमान साडेचार वर्षं जमिनीवर होतं.

यातला बराच काळ कागदपत्रांत गेला. पण परवानगी हातात आली म्हणून लगेच उडता येत नाही. घरी बांधलेल्या विमानाच्या पहिल्या उड्डाणाआधी काय काय तपासतात, ते बघूया.

पहिलं वजन. तिन्ही चाकांखाली काटे ठेवून विमान तोलतात. एकूण वजन किती, एवढंच बघून भागत नाही. भार नेमका कुठे पडतो ते काढावं लागतं. डोक्यावरचा हंडा मागे कलला तर आपली मान कशी ताणते? विमानाचा भार शेपटीकडे गेला तर नाक वर उचललं जातं, आणि ते खाली आणणं वैमानिकाच्या हाती राहत नाही.

दुसरं इंधन. चढताना विमानाचं नाक वर असतं, म्हणून जमिनीवरच नाक तसं उंच करून ठेवतात. मग इंजिनाकडे जाणारी नळी सोडवून बादलीत इंधन सोडतात आणि मिनिटाला किती पडतं ते मोजतात. टाकी वर आणि इंधन आपोआप उतरत असेल, तर इंजिनाला पूर्ण जोरात लागतं त्याच्या दीडपट यायला हवं. नळीत अडकलेला कचरा जमिनीवर सापडला तर साफ करता येतो. आकाशात तो जिवावर बेततो.

तिसरं सुकाणू. दांडा उजवीकडे ढकलला की उजव्या पंखाची मागची फळी वर आणि डावीची खाली जायला हवी. ऐकायला सोपं वाटतं, पण तारा उलट जोडल्या गेल्याने विमानं पडलेली आहेत. म्हणून जोडणाऱ्याने नव्हे, दुसऱ्या माणसाने हे तपासायचं. आपलं काम आपल्याला बरोबरच दिसतं ना!

मग विमान धावपट्टीवर नुसतं पळवतात. आधी हळू, मग वेगात. ब्रेक लागतात का, सरळ धावतं का, इंजिन तापतं का, ते बघतात. प्रत्येक फेरीनंतर झाकण उघडून गळती शोधतात.

उड्डाणाचा दिवस ठरला की वारा शांत असलेली सकाळ निवडतात. विमानात वैमानिक एकटाच. अमेरिकेत तर अशा विमानाला साधारण पहिले २५ ते ४० तास प्रवासी बसवताच येत नाहीत. खाली आग विझवायचं साहित्य घेऊन माणसं उभी असतात. धावपट्टीवर एक खूणही आधीच ठरलेली असते: तिथवर विमान उचललं नाही, तर थांबायचं. हे शांत डोक्याने आधी ठरवलेलं बरं, कारण ऐन वेळी मन म्हणतं, अजून थोडं बघू.

सगळ्यात अवघड असतं ते ‘आज नको’ म्हणणं. गाववाले जमलेले, पाहुणे आलेले, पैसा अडकलेला. तरी इंजिनाचा आवाज वेगळा वाटला, तर विमान परत आत न्यायचं. त्यात कमीपणा नाही.

आपल्या गटात मसाल्याचं किंवा काजूचं यंत्र आलं, तर हेच करूया. उद्घाटनाच्या आधी चार दिवस ते चालवून बघायचं. जोडणी दुसरीने तपासायची. बंद करायचं बटण प्रत्येकीला माहीत हवं. पट्ट्याजवळ पदर आणि केस बांधूनच जायचं. आणि कुणी एकीनेही ‘थांबा’ म्हटलं, तर आधी यंत्र थांबवायचं, कारण मागून विचारायचं. नारळ दुसऱ्या दिवशीही फोडता येतो.