अर्थशास्त्राचे पहिले पुस्तक आणि आपण

(विद्यार्थी व कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



‘अर्थशास्त्र कसे शिकावे’ या विषयावर मी बोलावे, अशी संयोजकांची सूचना आहे. समोर बसलेल्यांपैकी काहीजण यंदाच महाविद्यालयात दाखल झाले आहेत. काहीजण माझ्यासारखे केस पिकलेले जुने कार्यकर्ते आहेत. दोघांची तक्रार वेगळी. विद्यार्थी म्हणतात, आलेख समजत नाहीत. कार्यकर्ते म्हणतात, समजून तरी काय करायचे, हे सारे भांडवलदारांचे शास्त्र! मी बरीच वर्षे पहिल्या वर्षाच्या वर्गांना हा विषय शिकविला. पहिली तक्रार फळा आणि खडू यांनी दूर होते. दुसरीची मला अधिक काळजी वाटते, कारण तिच्या आड पुष्कळदा वैचारिक आळस दडलेला असतो आणि त्याने आपले नुकसान झाले आहे.

पाठ्यपुस्तकाच्या आरंभीच मागणीची व्याख्या येते. नुसती इच्छा म्हणजे मागणी नव्हे. इच्छा, ऐपत आणि पैसे खर्च करण्याची तयारी ही तिन्ही एकत्र आली तरच ती मागणी. विद्यार्थी हे पाठ करतो, गुण मिळवितो आणि पुढे जातो. मी मात्र या व्याख्येपाशी एक अख्खा तास थांबत असे. भुकेल्या माणसाच्या खिशात पैसा नसेल, तर त्याची भूक बाजाराच्या आलेखावर टिंबाएवढीही उमटत नाही, असा तिचा सरळ अर्थ आहे. आपला कार्यकर्ता संतापून येथेच पुस्तक मिटतो. वस्तुतः ही व्याख्या खोटी नाही. बाजार खरोखर तसाच चालतो, आणि पुस्तकाने ते आडपडदा न ठेवता सांगितले आहे. गडबड होते ती पुढे. दहा-पंधरा प्रकरणांनंतर मागणी आणि पुरवठा जेथे जुळतात त्या बिंदूचे कौतुक सुरू होते, आणि आलेखाबाहेर कोण राहिले याचा लेखकाला विसर पडतो. त्या वेळी मागचे पान उघडून दाखविता आले पाहिजे, आणि त्यासाठी ते आधी वाचलेले असले पाहिजे.

१९४३ साली बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मेली. अमर्त्य सेन यांनी १९८१ साली ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’ या ग्रंथात दाखवून दिले, की त्या वर्षीचा धान्यपुरवठा आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा सुमारे पाच टक्केच कमी होता आणि १९४१ पेक्षा तर जास्तच होता. युद्धखर्चाने भाव भडकले. शेतमजूर, कोळी, कारागीर यांची मिळकत त्या भावांमागे फरपटत राहिली. त्यांची इच्छा होती, ऐपत नव्हती. सेन यांच्या आकड्यांवर पुढे वाद झाले, तरी त्यांनी विचारलेला प्रश्न पहिल्या प्रकरणातलाच आहे.

आता आपल्याकडे पाहा. १९७२चा दुष्काळ येथील वयस्कांनी भोगलेला आहे. खडी फोडणारे हात, सुकडीसाठीच्या रांगा, आठवडे उलटले तरी न मिळणारी मजुरी हे सारे त्यांना आठवत असेल. १९७३च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. हाल अतोनात झाले. परंतु बंगालचा प्रसंग येथे आला नाही. मजुरीच्या रूपाने, तुटपुंजी का होईना, ऐपत हाती आली आणि भुकेची मागणी झाली. वि. स. पागे यांनी पुरस्कारिलेल्या रोजगार हमीचा कायदा विधिमंडळाने १९७७ साली केला. तत्पूर्वी, १९७५ साली, तिच्या खर्चासाठी पगारदारांवर व्यवसाय कर बसविण्यात आला होता. गरीब माणसाला आलेखाच्या आत आणायचे तर पैसा कोणाकडून घ्यायचा, याचाही हिशेब त्यात होता. हा हिशेब मांडणाऱ्यांना अर्थशास्त्राचे वावडे नव्हते.

आपल्या भाषेत हे शास्त्र काही काल आलेले नाही. लोकहितवादींचे ‘लक्ष्मीज्ञान’ १८४९ सालचे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात इंग्रजी ग्रंथांतील गृहीतके हिंदुस्थानच्या परिस्थितीस तशीच्या तशी लागू पडत नाहीत, असे बजावले. ते ग्रंथ पचवूनच त्यांनी हे बजावले, हे विसरू नये. डॉ. आंबेडकर १९१८ ते १९२० या काळात मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात हाच विषय शिकवीत होते. १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या रुपयाच्या प्रश्नावरील त्यांच्या ग्रंथातला एक मुद्दा मला नेहमी मोलाचा वाटत आला आहे. रुपया घसरला की निर्यातीला तेजी येते, म्हणून देशाचा फायदा होतो, असे त्या वेळी म्हटले जाई. आंबेडकरांनी विचारले, हा फायदा येतो कोठून? भाव चढतात आणि मजुरी मागे राहते. एका वर्गाची ती कमाई दुसऱ्या वर्गाच्या ताटातून आलेली असते. आजही रुपया घसरल्याची बातमी वाचताना हा प्रश्न विचारून पाहा.

वित्ताकडे वळतो. आपल्या मंडळींना व्याजाचे गणित म्हणजे वाण्याचे काम वाटते. अलीकडे पहिल्या वर्षाच्या एका मुलीने आईच्या कर्जाचा कागद मला दाखविला. दहा हजार रुपये, शेकडा दोन रुपये महिना व्याज. वर्षाचे व्याज चोवीसशे, एकूण परतफेड बारा हजार चारशे, बारा हप्ते, प्रत्येकी सुमारे एक हजार तेहेतीस रुपयांचे. माउलीची समजूत अशी, की आपण चोवीस टक्के देतो. पण मुद्दल पहिल्या महिन्यापासून परत जाऊ लागते. वर्षभराची सरासरी काढली तर तिच्याजवळ निम्म्याहून थोडीच अधिक रक्कम राहते, आणि व्याज मात्र पूर्ण दहा हजारांवर. पहिल्या वर्षाच्या पुस्तकातील वर्तमानमूल्याची रीत लावली, तर खरा दर महिन्याला शेकडा साडेतीनच्या घरात, म्हणजे वर्षाला एक्केचाळीस टक्क्यांच्या वर जातो. तरुणपणी एका पतसंस्थेच्या कामात मीही असेच ‘शेकडा’ बोलून कर्जे वाटली आहेत. मनात कपट नव्हते, पण अज्ञानामुळे कर्जदारांचा भार काही हलका झाला नाही.

रिझर्व्ह बँकेच्या २०२४च्या परिपत्रकानुसार बँकांनी आणि वित्तसंस्थांनी किरकोळ कर्जदाराला, त्याला समजेल अशा भाषेत, मुख्य तथ्यांचे पत्रक द्यावयाचे आहे आणि त्यात सर्व शुल्के धरून वार्षिक दर लिहावयाचा आहे. पतसंस्था आणि सावकार या आज्ञेबाहेर आहेत. जेथे पत्रक मिळते तेथेही ते वाचून दाखविणारा, आणि मिळत नाही तेथे स्वतः आकडा काढणारा, प्रत्येक वस्तीत एक तरी माणूस असावा. तो आपला कार्यकर्ता का असू नये?

उद्या सकाळच्या सत्रात भाषण नाही. हेच गणित आपण फळ्यावर पायरीपायरीने करणार आहोत. ज्यांच्या घरी हप्ता चालू आहे त्यांनी कर्जाचा कागद आणावा. नाव झाकलेले असले तरी हरकत नाही. कागद घरी राहिला असेल, तर रात्री घरी फोन करून तीन आकडे तेवढे विचारून ठेवा: हातात किती पडले, हप्ता किती आणि हप्ते किती.