गाडी बदलण्याचा दंड

(छत्रपती संभाजीनगरात कामगार आणि विद्यार्थी मित्रांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिला होता ‘तरुणांपुढील प्रश्न’. तो एका संध्याकाळीत मावणारा नाही. म्हणून मी त्यातला बोटभर लांबीचा प्रश्न उचललाय. तिकीट. खिशात हात घाला, कालचं एखादं चुरगळलेलं निघेल. त्याच्यावरच बोलू.

१९०१ सालची गोष्ट तुम्हाला पाठ आहे. शाळकरी वयाचे बाबासाहेब भाऊ-भाच्यांबरोबर मसूर स्टेशनावर उतरले. वडील कोरेगावला नोकरीला, तिकडं जायचं होतं. पोरं महाराची म्हटल्यावर एकही बैलगाडीवाला तयार होईना. शेवटी सौदा ठरला तो असा : भाडं दुप्पट द्यायचं, गाडी पोरांनीच हाकायची, गाडीवाला बाजूनं चालणार. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ मध्ये बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलंय. आपण ही गोष्ट विटाळाची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण ती भाड्याचीही गोष्ट आहे. विटाळाला दर होता. दुप्पट.

आज कंडक्टर जात विचारून तिकीट फाडत नाही. मशीनला जात कळत नाही. मशीनला एवढंच कळतं, की तू कुठं चढलास आणि कुठं उतरलास. पण कोण कुठून चढतो, हे कुणी ठरवलं? गावात आपली वस्ती गावकुसाबाहेर होती. शहरात आलो तेव्हा जागा मिळाली ती कडेला, नाल्याकाठी, रुळाच्या पलीकडं, जिथं बस शेवटी येते आणि आधी बंद होते. काम मात्र दुसऱ्या टोकाला. आपल्याला थेट गाडी क्वचितच. आपल्याला बदलावी लागते. आणि बदललीस की पुन्हा भर.

माझंच सांगतो. घर मुकुंदवाडीला, काम वाळूजला एका कारखान्यात, मशीनवर. शहराचं हे टोक ते ते टोक. शिफ्टच्या टायमाला जे मिळेल ते धरायचं. शेअर रिक्षात कोंबून बाबा पंपापर्यंत, तिथं उतरून दुसरी. रिक्षात एका पायावर बसायचं भाडं पूर्ण माणसाचं, हे वेगळंच. हिशोबाला वीस-वीस रुपये धरा. जाऊन येऊन चार वेळा, ८० रुपये. महिन्याचे २६ दिवस, २,०८० रुपये. आता कंत्राटी पोराचा हातात पडणारा पगार बारा हजार धरा. सहाव्या हिश्शाहून जास्त पैसा नुसता कामावर पोचण्यात जळाला. या शहराचं नाव २०२३ साली बदललं. वाळूजला जायला गाड्या अजून दोनच लागतात.

आता कुणी म्हणंल, अंतर लांब आहे, भाडं जास्त पडणारच. काहून पडणारच? अंतराचं भाडं मी देतो, त्याबद्दल तक्रार नाही. मी तक्रार करतोय ती तुकड्याच्या भाड्याची. नीट ऐका, हिशोब सोपा आहे. एसटीचा टप्पा सहा किलोमीटरचा. चौदा किलोमीटर एका गाडीत बसून गेलात तर तीन टप्पे. तेच चौदा किलोमीटर सातव्याला उतरून दुसऱ्या गाडीनं गेलात तर दोन आणि दोन, चार टप्पे. रस्ता तोच, डिझेल तेवढंच, माणूस तोच. भाडं तिसऱ्या हिश्शानं वाढलं. कशासाठी? तर तुझ्या वस्तीला थेट गाडी नाही म्हणून! ज्याला आधीच उन्हात उभं राहावं लागतं, त्याच्याकडूनच वर दंड घ्यायचा. शहर बसचे टप्पे लहान असतात, पण चाल तीच : प्रत्येक वेळी चढलं की किमान भाडं पहिल्यापासून सुरू.

हा दंड सगळ्यात जास्त कोण भरतं? आपण पुरुष नाही. आपल्या आया-बहिणी. आपण सकाळी जातो, संध्याकाळी येतो, एक रस्ता. भावसिंगपुऱ्याकडून सिडकोत धुणीभांडी करायला जाणारी बाई चार घरं करते. मधे शाळेतलं पोर, घाटीत ॲडमिट असलेल्या सासूचा डबा, येताना बाजार. तिचा प्रवास म्हणजे चार-पाच छोटे तुकडे, आणि प्रत्येक तुकड्याला नवं तिकीट. पास काढणारा साहेब जेव्हा पास आखतो तेव्हा त्याच्या डोळ्यापुढं ऑफिसला जाणारा बाबू असतो. घरून ऑफिस, ऑफिसहून घर. ती बाई त्याच्या कागदावर नसतेच.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. चांगलं झालं, मी नावं ठेवणार नाही. गावाकडच्या म्हाताऱ्या माहेरी जायला लागल्या. पण ती सवलत एसटीची. पैठणहून अर्ध्या तिकिटात आलेली बाई मध्यवर्ती बसस्थानकात उतरली की सवलत फलाटावरच राहते. पुढं शहर बस, तिचा मालक वेगळा, तिकीट वेगळं. पुढं रिक्षा, तिथं तर नियमच नाही. शेजारच्या कर्नाटकात ११ जून २०२३ ला ‘शक्ती’ योजना आली. तिथं चार महामंडळं आहेत, बंगळूरची शहर बस धरून. चारी ठिकाणी बाईला शून्य रुपयाचं तिकीट. म्हणजे मालक चार असले तरी नियम एक करता येतो. करायचं मनात असलं पाहिजे.

आपल्या इथली गंमत बघा. २०१९ च्या सुरुवातीला ‘माझी स्मार्ट बस’ धावायला लागली, शंभर बसची योजना. बस स्मार्ट सिटीची, चालवायला माणसं तेव्हा एसटीची. २०२१ च्या शेवटी एसटीचे कामगार संपावर गेले, तर शहर बसही थांबली. म्हणजे संपात दोघं एक! मग तिकिटातच दोन कसे? (शंभर बसचंही बोलू. २०११ च्या जनगणनेत या शहराची वस्ती पावणेबारा लाखांच्या आसपास. केंद्र सरकारच्या मापानं चांगली सेवा म्हणजे हजार माणसांमागं ०.६ बस. गुणाकार करा, सातशे येतात. तेव्हा एक तिकीट मागताना बस मागायचं विसरू नका, नाहीतर तिकीट हातात आणि गाडीचा पत्ता नाही.)

आता एक सावधगिरी. ‘एक तिकीट’ म्हटलं की साहेब लोक लगेच मोबाइल काढतात. एक कार्ड, एक ॲप, एक क्यूआर! २०१९ च्या मार्चमध्ये देशभर चालणारं एकच मोबिलिटी कार्ड आलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘मुंबई वन’ ॲप आलं, अकरा वाहतूक संस्था एका ॲपात. रांग वाचते, खरंय. पण एका कार्डातून तीन भाडी कापली तर ते एक तिकीट झालं का? ती एका खिशातून तीनदा पाकीटमारी झाली. बेरीज तीच. वर ज्याच्याकडं साधा फोन आहे, तो रांगेतच. आपल्याला हवंय ते एक भाडं. कार्ड असो, कागद असो, आपल्याला देणंघेणं नाही.

आणि हे स्वप्न नाही. हॅम्बुर्गमध्ये साठच्या दशकात वेगवेगळ्या वाहतूक कंपन्यांनी एकच भाडेपत्रक केलं. पैसा एका ठिकाणी गोळा, नंतर आपसात वाटणी. भांडण काय ते कंपन्यांचं, प्रवाशाच्या डोक्याला ताप नाही. ब्राझीलच्या साओ पाउलोत २००४ ला एका भाड्यात दोन तासांत अनेक बस बदलायची सोय झाली, आणि तिचा खरा फायदा शहराच्या कडेच्या वस्त्यांना, जिथून कामाला यायला दोन-तीन बस लागतात. सोलनं त्याच वर्षी पूर्ण अंतराचं भाडं लावलं, बस बदलली तरी मीटर तोच. लंडनमध्ये २०१६ पासून तासाभरात दुसरी बस फुकट, २०१८ पासून तासात कितीही. लंडनवाल्यांना परवडतं म्हणून सोडून द्याल, पण साओ पाउलोच्या फावेलातला माणूस आपल्यासारखाच आहे. त्याच शहरात २०१३ ला भाडं तीन रियालवरनं तीन रियाल वीस सेंटाव्हो झालं, वीस सेंटाव्होच फक्त, तर रस्ते भरून गेले आणि वाढ मागं घ्यावी लागली.

मॉन्टगोमेरीचंही ध्यानात ठेवा, कारण पँथरचं नाव आपण तिकडूनच घेतलंय. तिथं काळ्या माणसानं पुढच्या दारात पैसे टाकायचे, मग खाली उतरून मागच्या दारानं चढायचं. डिसेंबर १९५५ पासून ३८१ दिवस त्यांनी बसवर बहिष्कार टाकला. काळ्या टॅक्सीवाल्यांनी बसच्याच भाड्यात, दहा सेंटात, माणसं नेली. तर शहराच्या अधिकाऱ्यांनी हुकूम काढला, पंचेचाळीस सेंटांच्या खाली टॅक्सी चालवायची नाही! भाडं हे हत्यार आहे हे त्यांना नेमकं कळत होतं.

तर आपण काय मागायचं? शहर बसच्या तिकिटावर तारीख आणि वेळ छापता येते, नवं यंत्र लागत नाही. त्या वेळेपासून दोन तास ते तिकीट कुठल्याही शहर बसमध्ये चाललं पाहिजे, पुढं, मागं, कुठंही. एसटीनं शहरात आलेल्याचं तिकीट शहर बसमध्ये धरलं पाहिजे, हिशोब त्या दोघांनी आपसात करावा. पास रस्त्याचा नको, शहराचा हवा, आणि आठवड्याचाही हवा, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या हातात महिन्याच्या पासाचे पैसे एकदम येत नाहीत. ज्याच्याकडं पैसा तो स्वस्त पास काढतो, ज्याच्याकडं नाही तो रोज महाग तिकीट घेतो, असला उलटा न्याय आहे हा.

तूट कोण भरणार, असा प्रश्न येणार. वर्षानुवर्षं एसटीच्या भाड्यावर सरकार साडेसतरा टक्के प्रवासी कर घेत आलंय. तोटा तोटा म्हणून बोंब मारायची आणि तोट्यातल्या गाडीच्या प्रवाशाकडून कर वसूल करायचा. २५ जानेवारी २०२५ ला एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं, तेव्हा हा कर कुणाला आठवला? तूट भरून काढायची तर तिथून सुरुवात करा. कंडक्टरच्या पगारातून नाही, त्यांच्या संख्येतूनही नाही. हे आपल्या मागणीत पहिल्या ओळीला लिहायचं, नाहीतर उद्या आपल्याला त्यांच्याविरुद्ध उभं करतील. रिक्षावाल्यालाही शत्रू करू नका. त्यातले अर्धे आपल्याच गल्लीतले आहेत, हप्त्याच्या गाडीवर जगतात. मुकुंदवाडी-बाबा पंप ही लाइन त्यांनी धरली, कारण तिथं बस पुरेशी नव्हती.

निवेदन नंतर लिहू. आधी तिकिटं जमवायची. या महिन्यात एकही तिकीट फेकायचं नाही. वहीत चिकटवा, बाजूला लिहा : कुठून कुठं, कितीला, गाडी किती वेळा बदलली, किती वेळ उभं राहिलो. रिक्षाचं तिकीट नसतं, ते हातानं लिहा. घरातल्या बायकांची वही वेगळी करा, ती सगळ्यात जाड होणार. मिलिंदच्या पोरांनी बेरजा करायच्या. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी वह्या घेऊन भडकल गेटला, बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी, सकाळी दहाला.