परकी प्रणाली आणि आपली मूळ नोंद



अध्यक्षपदाच्या मानाबद्दल आभार मानण्याची रूढी मी एका वाक्यात उरकतो, कारण आजचा विषय वेळ मागणारा आहे. दप्तरखान्यांतील व ग्रंथालयांतील कागदपत्रांच्या सूची आपण एका डेटाबेसमध्ये ठेवतो, त्या वाचकांपुढे मांडणारे सॉफ्टवेअर मात्र तिसऱ्याच कुणाकडून घेतो. आणि ही दोन जोडण्याची वेळ आली म्हणजे एकाला जे मान्य ते दुसऱ्याला अमान्य असल्याचे उघडकीस येते. एसक्यूएल ही भाषा १९८६ साली अमेरिकेत प्रमाणित झाली, १९९२ साली ओडीबीसी हा सामायिक दुवाही आला. तथापि एकच तह मान्य करूनही संस्थानांनी आपापली वहिवाट सोडू नये, तसेच या क्षेत्रात झाले आहे.

तारखेचेच पाहा. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमधील ‘डेटटाइम’ हा जुना प्रकार १ जानेवारी १७५३ पूर्वीची तारीख स्वीकारीत नाही. इंग्लंडने १७५२ च्या सप्टेंबरात कालगणना बदलताना अकरा दिवस गाळले, त्या घोळात न शिरण्यासाठी ही सरहद्द आखली गेली. परिणामी पानिपतचा १४ जानेवारी १७६१ हा दिवस तेथे सुखाने नांदतो आणि शिवराज्याभिषेकाच्या ६ जून १६७४ ला मात्र मज्जाव होतो! २००८ च्या आवृत्तीत ‘डेट’ आणि ‘डेटटाइम२’ हे प्रकार आले व सरहद्द इसवी सन १ पर्यंत मागे गेली खरी. पण जुन्या ओडीबीसी ड्रायव्हरवर विसंबलेल्या सॉफ्टवेअरला या नव्या प्रकारांतील तारीख तारीख म्हणून न दिसता अक्षरांची नुसती ओळ म्हणून दिसते. एक्सेलची तर दिवसगणनाच १९०० पासून सुरू होते.

या अडचणीवर सर्रास काढली जाणारी तोड, म्हणजे न चालणाऱ्या तारखेच्या जागी यंत्राला चालेल अशी कोणतीही तारीख घालून मोकळे होणे, ही मला सर्वांत घातक वाटते. ‘डेटटाइम’च्या रकान्यात रिकामा मजकूर घातला तर १ जानेवारी १९०० ही तारीख आपोआप उमटते, मग मितीविना राहिलेली सारी पत्रे एकाच दिवशी लिहिली गेल्याचे यादी सांगू लागते, आणि ती यादी प्रमाण मानणारा संशोधक तो दिनांक निःशंकपणे आपल्या प्रबंधात उतरवून घेतो.

अक्षरांची स्थिती निराळी नाही. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट व्यापते. ‘महाराष्ट्र’ या शब्दात काने आणि हलन्त धरून दहा चिन्हे आहेत, म्हणजे तीस बाइट झाले. ऑरॅकलच्या डेटाबेसमध्ये वेगळी सूचना न दिल्यास लांबी बाइटांतच मोजली जाते. तेव्हा तीस लांबीचा रकाना एवढ्या एका शब्दाने भरतो आणि पुढच्या ‘राज्य’ला जागा उरत नाही.

तर तजवीज कोणती करावी? मर्यादा ज्याची, त्यानेच तिचा भार वाहावा. मूळ नोंदीवर तो पडू नये. मूळ तक्त्याला हात न लावता त्यावर एक ‘व्ह्यू’, म्हणजे त्याच नोंदी निराळ्या मांडणीत दाखवणारा आभासी तक्ता, बांधावा. त्यात वर्ष, महिना आणि दिवस असे पूर्णांकांचे तीन रकाने करावेत, कारण पूर्णांक न समजणारे सॉफ्टवेअर अद्याप माझ्या पाहण्यात नाही. कागदावरील मिती मात्र, ‘ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६’ अशी, जशीच्या तशी मजकुरात राहावी. शीर्षक तोडणे भागच पडले तर ते व्ह्यूमध्येच तोडावे, आणि तेही बाइट मोजून नव्हे, अक्षर पाहून. परक्या सॉफ्टवेअरला केवळ वाचनाचे खाते द्यावे. विक्रेता लेखनाचा आग्रह धरील, तर त्याने एका दुय्यम तक्त्यात लिहावे आणि आपल्या माणसाने रुजुवात घेतल्यावरच ते मुख्य दप्तरी दाखल व्हावे. यात कालहरण होते, अशी तक्रार मी ऐकली आहे. ती खरी आहे, आणि ते कालहरण मी खुशीने पत्करीन.

अशा प्रत्येक तोडीची नोंद, ती कोणी, कधी व कोणत्या आवृत्तीसाठी केली यासह, लेखी हवी. नाहीतर मर्यादा उठून वर्षे लोटतात आणि तिच्यासाठी केलेली मखलाशी तशीच चालू राहते.

विषयनियामक समितीपुढे माझी एकच सूचना आहे: खरेदीच्या करारावर सही होण्यापूर्वी प्रत्येक विक्रेत्याने आपल्या देखत दोन नोंदी भरून, दुव्यापलीकडे पाठवून व परत आणून दाखवाव्यात, पहिलीचा दिनांक ६ जून १६७४ असावा, आणि दुसरीच्या तारखेचा रकाना कोरा असावा.