हँडब्रेक आणि चाकाखालचा दगड



संयोजकांनी सांगितलं, ज्याला जे येतं त्यावर थोडं बोला. मला संगणकाचे प्रोग्रॅम लिहिता येतात. पण त्यावर बोलले तर शेवटच्या बाकावरची मंडळी आजही झोपतील. म्हणून विषय घेतला हँडब्रेकचा. आपल्यापैकी बरेच जण आज स्वतःच्या गाडीनं आलेत. त्या गाड्या शाळेसमोरच्या उतारावर एकामागे एक उभ्या आहेत आणि उताराच्या तळाशी प्राथमिक शाळेचं फाटक आहे.

विषय सुचला बाबांच्या गाडीवरून. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे चालवायची तर आरटीओत पासिंग करून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावं लागतं. बाबांची गाडी चकचकीत, विमा चालू, पीयूसी ताजं. निरीक्षकांनी चढावर हँडब्रेक ओढून पाय सोडायला सांगितलं, आणि गाडी सावकाश मागे सरकायला लागली. पासिंग झालं नाही. बाबा म्हणाले, "अहो, पण लाल दिवा तर लागतोय!"

गंमत तिथेच आहे. तो दिवा दांड्याजवळच्या बटणावर चालतो. दांडा ओढला एवढंच तो सांगतो. चाक धरलं की नाही, हे त्याला ठाऊक नसतं. आमच्या धंद्यात हे रोज भेटतं. पडद्यावर 'बॅकअप पूर्ण' असं येतं, पण तो बॅकअप परत उघडून पाहिल्याशिवाय आम्ही त्यावर विश्वास ठेवत नाही. हुकूम दिला गेला आणि काम झालं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पायाचा ब्रेक तेलाच्या दाबावर चालतो. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत निव्वळ तारेवर: दांडा ओढला की केबल ताणली जाते आणि मागच्या चाकांच्या ड्रममधले लायनर बाहेर दाबले जातात. पुढचं काम घर्षणाचं, जे सरांनी नववीत शिकवलं होतं. केबल सैल पडते. आपल्या पावसात तिच्या आवरणात पाणी शिरून ती गंजते आणि अडकते. लायनर झिजतात, किंवा ब्रेकचं तेल गळून त्यांवर पसरलं की निसटतात. बाबांच्या गाडीत एका बाजूची केबल गंजून जाम झाली होती आणि लायनर संपत आले होते. दोन्ही बदलल्यावर गाडी पास झाली.

इतकी वर्षं हे कळलं कसं नाही? कारण बाबा गाडी गिअरमध्ये ठेवायचे आणि चाकाखाली दगड लावायचे. आपल्यातल्या किती जणांच्या घरी असा दगड आहे, हात वर करा बघू! दगड वाईट नाही. घाटात थांबलात तर जरूर लावा. पण रोज दगडच काम करतो, तेव्हा ब्रेक कधी मेला ते कुणालाच कळत नाही.

पीयूसीत फक्त धूर तपासतात, ब्रेक नाही. टॅक्सी, स्कूलबस अशा गाड्यांना आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस घ्यावं लागतं. आपल्या खासगी गाडीला मात्र १५ वर्षं अशी सक्तीची तपासणी नाही. इंग्लंडमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी चाचणी होते. तिथे चाकं रोलरवर फिरवून मोजतात. साधारण मोटारीच्या हँडब्रेकची पकड गाडीच्या वजनाच्या निदान १६ टक्के भरावी लागते. म्हणजे १०० मीटर जाताना १६ मीटर चढणाऱ्या रस्त्यावर गाडी जेमतेम थांबेल इतकी. आपल्या मोटार वाहन कायद्याचं १२६ वं कलमही सांगतं की, चालक जागेवर नसताना गाडी आपोआप हलणार नाही अशी व्यवस्था करूनच ती सोडावी. ती जबाबदारी आपली.

घरची चाचणी सोपी आहे. मागेपुढे कुणी नाही असा हलका चढ शोधा. इंजिन चालू, पाय ब्रेकवर, गिअर न्यूट्रल. हँडब्रेक ओढा आणि पाय हळूहळू सैल करा. गाडी सरकली तर लगेच पाय दाबा आणि गॅरेज गाठा. मग तोंड उताराकडे करून पुन्हा पाहा. दांडा पूर्वीपेक्षा फार वर येत असेल तर तीही सूचना समजा. मेकॅनिकला नुसती केबल आवळून देऊ नका म्हणावं. आधी ड्रम उघडून लायनर बघायचे, ते जुळवायचे, मग केबल. नाहीतर झीज लपते, किंवा ब्रेक घासत राहून चाक तापतं.

ऑटोमॅटिकवाल्यांनो, 'पी' म्हणजे गिअरबॉक्समधला एक लहानसा अडसर. सगळं वजन त्यावर टाकू नका. पाय ब्रेकवर ठेवून आधी हँडब्रेक, मग 'पी'. आणि पावसात गाडी बरेच दिवस सपाट जागी उभी राहणार असेल, तर हँडब्रेक सोडून ती गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना अडसर लावा. ओले लायनर ड्रमला चिकटून बसतात.

आता एक विनंती. आपल्यातले दोघे गॅरेज चालवतात आणि दोघेही आज आलेत. जेवण झालं की मैदानाकडे जाणाऱ्या चढावर ते उभे राहणार आहेत. आपापली गाडी एकदा त्यांच्यासमोर तपासून घ्या. सोमवारी त्या फाटकातून पुन्हा पहिलीची मुलं बाहेर पडतील.